जुन्या गाडीचे पुढचे सस्पेन्शन : खारा वारा आणि तांबड्या मातीच्या प्रदेशातील गाडीमालकांसाठी दोषशोध आणि दुरुस्ती

पुढच्या चाकाजवळून खटखट ऐकू येऊ लागली की आपल्याकडे पहिला संशय शॉक ॲब्सॉर्बरवर घेतला जातो, आणि जुन्या छोट्या गाड्यांच्या बाबतीत तो पुष्कळदा चुकीचा ठरतो. माझ्याकडे १९९७ सालची मारुती ८०० आहे. रत्नागिरीहून हातखंब्याकडे जाताना ब्रेक दाबला की डाव्या चाकापाशी एक बोथट ठोका बसत असे. एका गॅरेजमध्ये पुढचे दोन्ही शॉक ॲब्सॉर्बर बदलून झाले, पैसे गेले आणि ठोका होता तसाच राहिला. पुढे गाडी अंगणात उचलून, चाक काढून, एकेक सांधा हाताने हलवून पाहिला, तेव्हा दोष सापडला तो स्टॅबिलायझर बारच्या, म्हणजे पुढच्या दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या आडव्या लोखंडी दांडीच्या, टोकाला असलेल्या रबरी बुशात, म्हणजे दोन लोखंडी भागांमध्ये बसणाऱ्या रबराच्या कड्यात. बुश इतका झिजला होता, की बार त्याच्या भोकात अर्धा बोटभर पुढेमागे सरकत होता. त्या बुशाची किंमत शॉक ॲब्सॉर्बरच्या मानाने अगदी किरकोळ होती.

म्हणून या लेखात दुरुस्तीइतकीच जागा दोष शोधण्याला दिली आहे. इतर प्रदेशांत चुकीचा भाग बदलला तर फक्त त्या भागाचे पैसे वाया जातात. किनाऱ्यावर मात्र गंजून एकजीव झालेला बोल्ट विनाकारण उघडावा लागतो, तो तुटतो, आणि नसलेले काम अंगावर येते. कोणता सांधा ढिला झाला आहे हे बोटाला कळेपर्यंत पान्याला हात लावू नये.

रचना थोडक्यात

गेल्या चाळीस वर्षांत आपल्या रस्त्यांवर आलेल्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट पद्धतीचे सस्पेन्शन असते. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याच्या नावाने ओळखली जाणारी ही रचना १९५० च्या सुमारास फोर्डच्या गाड्यांत आली आणि कमी जागेत, कमी भागांत बसत असल्यामुळे पुढे सर्वत्र पसरली. तिच्यात एक उभी नळी असते, नळीत तेलाचा शॉक ॲब्सॉर्बर आणि नळीभोवती स्प्रिंग. नळीचे वरचे टोक बॉनेटखालच्या पत्र्याला रबरी माउंट आणि बेअरिंग यांच्यामार्फत जोडलेले असते, तर खालचे टोक नकलला, म्हणजे चाकाचा हब ज्यात बसतो त्या ओतीव लोखंडी भागाला. नकलच्या तळाशी बॉल जॉइंट, म्हणजे वाटीत गोळा बसवलेला सर्व बाजूंना फिरणारा सांधा असतो, बॉल जॉइंट लोअर आर्मच्या, म्हणजे खालच्या आडव्या बाहूच्या, बाहेरच्या टोकाला असतो आणि लोअर आर्मचे आतले टोक रबरी बुशातून गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असते. स्टिअरिंगच्या रॅककडून, म्हणजे स्टिअरिंगबरोबर डावीउजवीकडे सरकणाऱ्या दांड्याकडून, येणारा टाय रॉड आपल्या टोकावरच्या सांध्याने (टाय रॉड एंडने) नकलला ओढतो किंवा ढकलतो आणि चाक वळते.

मारुती ८०० मध्ये आणि त्याच घराण्यातील काही जुन्या गाड्यांत एक महत्त्वाचा फरक आहे. तेथे लोअर आर्म ही एकच आडवी पट्टी असते. ती चाकाला आतबाहेर सरकू देत नाही, पण पुढेमागे धरून ठेवू शकत नाही. ते काम स्टॅबिलायझर बार करतो. बारची दोन्ही टोके लोअर आर्ममधून आरपार गेलेली असतात आणि दोन्ही बाजूंनी रबरी बुश घालून नटाने आवळलेली असतात. त्यामुळे इतर गाड्यांत स्टॅबिलायझरचा बुश झिजला तर नुसता आवाज होतो. या गाड्यांत मात्र प्रत्येक ब्रेकला चाकच मागे सरकते, गाडी एका बाजूला ओढते आणि चाकाची दिशा बदलते. आंबा घाट किंवा कुंभार्ली घाट उतरताना हा दोष फारच धोक्याचा आहे.

ॲम्बॅसिडरसारख्या त्याहून जुन्या गाड्यांत पुढे टॉर्शन बार, म्हणजे पिळाने भार घेणारे दांडे असतात आणि त्यांची तपासणी वेगळी असते. येथील विवेचन स्ट्रट असलेल्या गाड्यांपुरते आहे.

किनाऱ्यावर झीज वेगळी का होते

खड्ड्यांमुळे सस्पेन्शन झिजते हे खरे, आणि मारुती ८०० सारख्या गाडीचे बारा इंची चाक मोठ्या चाकापेक्षा खड्ड्यात खोल उतरते हेही खरे. पण आपल्याकडे बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड नुसते खड्ड्यांनी मरत नाहीत. त्यांच्यावरचे रबरी टोपण, ज्याला गॅरेजमध्ये बूट म्हणतात, ते आधी फाटते, आणि त्यातून पाणी व जांभ्याची बारीक माती आत शिरते. आतल्या ग्रीसमध्ये ती माती मिसळली की तिचे घासणारे मिश्रण तयार होते आणि गुळगुळीत गोळा काही महिन्यांत खडबडीत होतो. बूट फाटल्याचे वेळेवर लक्षात आले तर सांधा वाचण्याची शक्यता असते, पण एक पावसाळा उलटून गेल्यावर नाही.

दुसरे कारण मीठ. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यातील क्षार गाडीच्या पोटाला चिकटतात आणि हवेतील ओल धरून ठेवतात. लोअर आर्मच्या खोबणीत साचलेला तांबडा चिखल तर वरून वाळलेला दिसला तरी आत आठवडेच्या आठवडे दमट असतो. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, गाडी नेण्याची हौस किंवा जंगलजेटीच्या, म्हणजे गाड्या खाडीपार नेणाऱ्या बोटीच्या, उतारावर चाकाखाली आलेले भरतीचे पाणी यांचा परिणाम त्याच दिवशी दिसत नाही, पण गोड्या पाण्याने पोट धुतले नाही तर पुढल्या वर्षी बोल्ट सोडवताना तो दिसतो. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणमध्ये ज्या गाड्या वाशिष्ठीच्या पाण्याखाली गेल्या, त्यांचे इंजिन आणि आसने यांची साफसफाई झाली असली तरी स्ट्रटच्या वरच्या बेअरिंगमध्ये आणि बुटांमध्ये गेलेला गाळ काढला गेला होता का, हे अशी गाडी जुन्या बाजारातून घेताना अवश्य तपासावे.

येथे एका रूढ सवयीबद्दल स्पष्टपणे लिहिणे मला आवश्यक वाटते. मृगाच्या आधी गाडीच्या पोटाला डिझेल किंवा जळके ऑइल मारून घेण्याची पद्धत आपल्याकडे आहे. पत्र्याला त्याचा काही काळ उपयोग होतही असेल, परंतु खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते आणि मऊ पडते, आणि सस्पेन्शनमधले जवळजवळ सर्व बुश रबराचे असतात. ज्या गाडीला दरवर्षी असा फवारा मारला जातो तिचे बुश हाताला चिकट लागतात आणि नखाने टोकरले तरी त्यांचे तुकडे निघतात. गंज रोखायचा असेल तर रबरी भाग झाकून पत्र्याला मेणयुक्त लेप द्यावा, आणि रबराला काहीही लावू नये.

रस्त्यावरची तपासणी

गाडी उचलण्यापूर्वी ती चालवून पाहावी, आणि काचा खाली करून, रेडिओ बंद ठेवून, शक्यतो दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणाच्या भिंती, असलेल्या अरुंद रस्त्यावर चालवावी, कारण गडग्यावर आदळून परत येणारा आवाज कोणत्या बाजूचा आहे हे लगेच कळते. आवाज नेमका केव्हा येतो हे लिहून ठेवावे. खडबडीत पण सपाट रस्त्यावर हलकी, सततची खडखड येत असेल तर स्टॅबिलायझरचे मधले बुश किंवा लिंक रॉड (बारचे टोक सस्पेन्शनला जोडणारे छोटे दांडे) पाहावेत. ब्रेक दाबताना एक ठोका आणि ब्रेक सोडताना पुन्हा एक ठोका येत असेल तर चाकाला पुढेमागे धरणारा बुश गेला असे समजून तेथूनच सुरुवात करावी. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना कुरकुर होत असेल तर कोरडा पडलेला बॉल जॉइंट किंवा स्ट्रटचे वरचे बेअरिंग यांपैकी एक असतो. स्टिअरिंग फिरवल्यावर ते आपोआप सरळ येत नसेल तर हा संशय बळावतो.

सस्पेन्शनचे वाटणारे पण सस्पेन्शनचे नसलेले दोन आवाज ओळखता आले पाहिजेत. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू पुढे नेताना येणारी तालबद्ध कटकट ही ड्राइव्ह शाफ्टच्या, म्हणजे इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या, बाहेरच्या सांध्याची असते. वेगाबरोबर वाढत जाणारा घुमणारा आवाज व्हील बेअरिंगचा असतो. डावीकडच्या लांब वळणावर भार उजव्या चाकावर जातो, म्हणून त्या वेळी घुमणे वाढले तर उजवे बेअरिंग खराब असण्याचा संभव अधिक, आणि उजवीकडच्या वळणावर वाढले तर डावे.

टायरही पुष्कळ सांगतो. त्याच्या नक्षीवरून तळवा आधी बाहेरून आत आणि मग आतून बाहेर फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखे लागले तर चाकांचा टो, म्हणजे वरून पाहता चाकांचे आत किंवा बाहेर वळलेले असणे, बिघडला आहे. फक्त आतली कड झिजली असेल तर कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) किंवा टो यांपैकी काहीतरी चुकले आहे, किंवा स्प्रिंग दबून खाली बसली आहे. घेरावर ठिकठिकाणी खळगे पडले असतील तर मात्र शॉक ॲब्सॉर्बरवरचा संशय रास्त आहे. गाडीचा कोपरा दाबून सोडण्याची प्रसिद्ध चाचणी करून पाहावी. कोपरा वर येऊन लगेच स्थिर न होता दोन-तीन वेळा हेलकावे खात राहिला तर शॉक ॲब्सॉर्बर निकामी आहे. परंतु कोपरा लगेच स्थिर झाला म्हणून तो चांगलाच आहे असे सिद्ध होत नाही, कारण हाताने दिलेली गती रस्त्यावरच्या धक्क्याच्या मानाने फारच मंद असते. नळीवर तेलाचा पुसट थर असणे स्वाभाविक आहे. ओघळ आणि त्यावर चिकटलेली ओली माती दिसली तर आतली सील गेली आहे.

गाडी उचलताना

हा भाग घाईने वाचू नये. आपल्या अंगणांत आणि खळ्यांत जमीन मातीची किंवा शेणाने सारवलेली असते, आणि जॅकचे छोटे बूड तीत खचते. जॅकखाली जाड, रुंद फळी ठेवावी, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ओट, म्हणजे दगड किंवा पाचर, लावावी, हातब्रेक ओढावा. त्यानंतर गाडी घोड्यांवर, म्हणजे जॅक स्टँडवर टेकवावी, आणि घोड्यांखालीही फळ्या असाव्यात. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हात किंवा डोके घालू नये.

घोड्या नाहीत म्हणून जांभ्याचे चिरे रचून त्यांवर गाडी टेकवलेली मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. चिरा भिंतीत चारही बाजूंनी भार घेतो तेव्हा टिकतो, पण तो सच्छिद्र असतो, आणि लोखंडी कडेचा सारा भार एका बोटाएवढ्या जागेवर आला तर कोणतीही सूचना न देता फुटतो. घोड्या विकत घ्याव्यात किंवा शेजारून मागून आणाव्यात. त्यांच्याशिवाय हे काम सुरू करू नये.

किनाऱ्यावरच्या जुन्या गाडीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. जॅक लावण्याची जागा बाहेरून रंगवलेली, शाबूत दिसते आणि आतून कुजलेली असते. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने तेथे ठोकून पाहावे. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत आहे, भदभद आवाज आला किंवा पत्रा आत दबला तर तेथे गाडी टेकवू नये. तसेच बॉनेट उघडून स्ट्रटच्या वरच्या टोकाभोवतीचा पत्रा पाहावा. तेथे फुगवटा, भेग किंवा सांध्यातून बाहेर पडणारी गंजाची पूड दिसली तर बाकी सर्व काम थांबवून आधी वेल्डिंगचे काम चांगल्या कारागिराकडून करून घ्यावे, कारण ज्या पत्र्यावर स्ट्रट उभा आहे तोच गेला असेल तर नव्या सुट्या भागांना आधार राहत नाही.

हाताने ढिलाई शोधणे

चाक अधांतरी लोंबकळत असताना घड्याळातल्या बारा आणि सहा या जागी दोन्ही हातांनी धरावे आणि वरचा हात ओढत, खालचा ढकलत आलटून पालटून हलवावे. ढिलाई जाणवली तर ती दोन ठिकाणची असू शकते : व्हील बेअरिंगची किंवा बॉल जॉइंटची. हे ठरवण्याची सोपी युक्ती अशी, की आत बसलेल्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगावे आणि पुन्हा हलवावे. ब्रेकने डिस्क आणि नकल एकमेकांना जखडले जातात. त्यामुळे ढिलाई नाहीशी झाली तर ती बेअरिंगमधली होती, आणि तशीच राहिली तर बॉल जॉइंटमधली किंवा त्याच्याही पलीकडची, म्हणजे लोअर आर्मच्या बुशातली आहे. बेअरिंगचा संशय पक्का करायचा असेल तर एका हाताचे बोट स्प्रिंगच्या वेढ्यावर ठेवून दुसऱ्या हाताने चाक फिरवावे. खराब बेअरिंगची खरखर कानाला ऐकू येण्याआधी बोटाला स्प्रिंगमधून कळते.

नंतर चाक नऊ आणि तीन या जागी धरून तसेच हलवावे. येथे सापडणारी ढिलाई बहुधा टाय रॉड एंडची किंवा रॅकच्या आतल्या सांध्याची असते. दोन्हींमध्ये फरक करायचा तर गाडी जमिनीवर उतरवून, आतल्या माणसाला स्टिअरिंग केवळ दोन-तीन बोटे डावीउजवीकडे हलवत राहायला सांगावे, आणि आपण बाहेरून टाय रॉड एंडवर बोट ठेवावे. रॉड हलतो पण नकल उशिरा हलते, असे बोटाला जाणवले तर एंड गेला. एंड घट्ट असेल तर रॅकवरचा घडीचा बूट चिमटीत धरून आतला सांधा चाचपून पाहावा. हा बूट फाटलेला असेल तर आत चिखल गेला आहे असे धरून चालावे.

मॅकफर्सन रचनेत स्प्रिंगचा भार वरच्या माउंटमधून सांगाड्यावर जातो, बॉल जॉइंटवर नाही. म्हणून चाक लोंबकळत ठेवूनच लोअर आर्म आणि नकल यांच्यामध्ये टॉमी किंवा छोटी पहार घालून हलका दाब द्यावा आणि सांधा वरखाली उचलतो का पाहावे. पहार बुटाला लागू देऊ नये. चांगला बूट तपासणीतच फाडून ठेवला जातो, हे मी स्वतः एकदा केले आहे. मग तीच टॉमी लोअर आर्मच्या आतल्या बुशापाशी लावावी. रबरात थोडी लवचीक हालचाल असणे योग्यच आहे, पण मधली लोखंडी नळी रबरापासून सुटी झालेली दिसली किंवा रबराला आरपार भेग असली तर बुश बदलावा.

ज्या गाड्यांत स्टॅबिलायझर बार चाकाला धरतो, त्यांत याहून एक चाचणी अधिक करावी. गाडी जमिनीवर, सपाट जागी, इंजिन बंद. आतल्या माणसाने ब्रेक दाबून धरावा, दुसऱ्या माणसाने गाडी मागून ढकलावी आणि सोडावी, आणि आपण दूर बाजूला बसून चाक आणि मडगार्ड यांच्यातील अंतर पाहावे. प्रत्येक ढकलण्याबरोबर ते अंतर डोळ्यांना दिसण्याइतके बदलत असेल तर बारच्या टोकांचे बुश गेलेले आहेत.

शेवटी स्ट्रटचे वरचे बेअरिंग. आतल्या माणसाने स्टिअरिंग सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे आणि आपण हात स्प्रिंगवर ठेवावा. स्प्रिंग एकसारखी फिरण्याऐवजी अडून बसली आणि मग झटक्याने सुटली, तर बेअरिंग जाम आहे. स्प्रिंगचा सर्वांत खालचा वेढा या वेळी नीट पाहून घ्यावा. माती आणि मीठ तेथेच साचते, रंग उडतो आणि वेढा तुटतो. तुटलेले टोक टायर कापू शकते.

गंजलेले बोल्ट सोडवणे

कामाच्या दोन दिवस आधी सर्व संबंधित नट-बोल्ट तारेच्या ब्रशने स्वच्छ करून त्यांवर गंज सोडवणारे तेल थेंबाथेंबाने, रबराला न लागेल अशा बेताने सोडावे, आणि सकाळ-संध्याकाळ पुन्हा लावावे. सोडवताना आधी बोल्ट किंचित आवळण्याचा प्रयत्न करावा, म्हणजे गंजाचा थर तुटतो. मग सोडवावा, अडला की पुन्हा थोडा आवळावा. उघड्या पान्याने कोपरे गोल होतात, म्हणून रिंग पाना किंवा सहा कोनांची गोटीच (सॉकेट) वापरावी.

सर्वांत त्रास देतो तो लोअर आर्मच्या आतल्या बुशातला बोल्ट. नट सहज निघतो, पण बोल्टचा दांडा बुशाच्या लोखंडी नळीत गंजून एकजीव झालेला असतो आणि फिरवला की रबरासकट फिरतो. अशा वेळी घणाचे घाव घालत बसल्यास सांगाड्याचा कान, म्हणजे बुश ज्यात बसतो ती पट्टी, वाकतो. बुश बदलायचाच असेल तर कान आणि बुश यांच्या फटीत हॅकसॉचे पाते घालून बोल्ट दोन्ही बाजूंनी कापावा आणि नवा बोल्ट घालावा. तो त्याच लांबीचा आणि त्याच दर्जाचा हवा, डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा जो आकडा असेल तोच नव्यावर असला पाहिजे, हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट येथे चालत नाही. आगीने तापवून सोडवण्याची पद्धत बुश आणि बूट यांच्याजवळ वापरू नये.

भाग बदलताना

टाय रॉड एंड आणि बॉल जॉइंट यांचे दांडे निमुळते असतात आणि आपल्या भोकात घट्ट रुतलेले असतात. पुलर मिळाला तर उत्तम. नसल्यास नट सोडवून दोन वेढ्यांवर ठेवावा आणि दांड्याच्या टोकावर मुळीच न मारता, ज्या ओतीव कड्यात दांडा रुतला आहे त्या कड्याच्या बाजूवर हातोडीने एक-दोन नेटके घाव घालावेत; दुसरी जड हातोडी समोरच्या बाजूला टेकवून धरावी. कडे क्षणभर दबते आणि दांडा सुटतो. अनेक छोट्या गाड्यांत बॉल जॉइंटचा दांडा नकलमध्ये आडव्या बोल्टने आवळलेला असतो. तो बोल्ट पूर्ण बाहेर काढल्याशिवाय दांडा निघत नाही, कारण बोल्ट दांड्याच्या खाचेतून जातो.

टाय रॉड एंड काढण्यापूर्वी लॉक नटाची जागा रंगाने खूण करून ठेवावी आणि एंड किती वेढ्यांनी निघाला हे मोजावे. नवा एंड तितक्याच वेढ्यांनी बसवला तर चाकांची दिशा गाडी हळू चालवत अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांची दिशा मशिनवर जुळवून देण्याच्या, ठिकाणापर्यंत नेण्याइतकी बरोबर राहते. खाचांच्या नटात स्प्लिट पिन बसवताना भोक आणि खाच जुळत नसतील तर नट आणखी थोडा आवळून जुळवावा, ढिला करून कधीही नाही. स्प्लिट पिन आणि नायलॉनचे कडे असलेले नट प्रत्येक वेळी नवे घ्यावेत.

लोअर आर्मचा बुश प्रेस मशिनवर बसवून घेणे सोपे असते. लांब बोल्ट, जाड वॉशर आणि योग्य मापाचे पाइपाचे तुकडे वापरून तो घरीही ओढून बसवता येतो, मात्र वंगण म्हणून साबणाचे पाणी वापरावे, ग्रीस नाही. काही बुशांच्या रबरात एका बाजूला पोकळी असते. जुना बुश कोणत्या दिशेने होता याची खूण आर्मवर आधीच करून ठेवावी. आर्म स्वतःच गंजाने पातळ झाला असेल किंवा वाकला असेल तर बुशावर श्रम न करता बॉल जॉइंटसकट पूर्ण आर्म बदलणे मला अधिक योग्य वाटते.

आता या सर्व कामातली सर्वांत जास्त दुर्लक्षित गोष्ट. रबरी बुशांचे बोल्ट चाक लोंबकळत असताना पूर्ण आवळू नयेत. बुशाची आतली नळी बोल्टने जखडली जाते, बाहेरची आर्ममध्ये घट्ट असते आणि हालचाल होते ती केवळ रबराच्या पिळातून. आर्म खाली झुकलेला असताना बोल्ट आवळला तर गाडी जमिनीवर येताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवा बुश वर्षभरात फाटतो. म्हणून बोल्ट हाताने घट्ट करून, चाके लावून, गाडी जमिनीवर उतरवावी, दोन-तीन वेळा दाबून सोडावी आणि मगच, चाकांवर भार असताना, गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेत दिलेल्या मापाने टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) शेवटचे आवळावे. खाली जागा मिळत नसेल तर लोअर आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली जॅक लावून आर्म त्याच्या नेहमीच्या उंचीला आणून आवळले तरी चालते. बोल्टच्या दांड्याला, आट्यांना नव्हे, तांबेयुक्त ग्रीसचा पातळ हात द्यावा, म्हणजे पुढल्या वेळी हॅकसॉ लागणार नाही.

स्ट्रट काढायचा असेल तर ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी पकडणारा भाग, ब्रेक ऑइलच्या नळीवर लोंबकळत ठेवू नये. तारेने वर बांधावा. नकल फार बाहेर ओढू नये, नाहीतर ड्राइव्ह शाफ्टचा आतला सांधा निसटतो. बहुतेक गाड्यांत स्ट्रट खाली दोन बोल्टांनी नकलला जोडलेला असतो, आणि काहींत तो नकलच्या कड्यात आवळलेला असतो. सोडवण्याआधी दोन्ही भागांवर आडवी खूण करावी, म्हणजे कॅम्बर फारसा बदलत नाही. वरचे बाजूचे नट सोडवावेत, पण मधल्या मोठ्या नटाला या वेळी पाना लावू नये. स्प्रिंग त्याच नटाने दाबून धरलेली असते आणि तो सुटला तर ती माणसाचा जीव घेऊ शकते. स्प्रिंग कॉम्प्रेसर, म्हणजे स्प्रिंग दाबून धरणाऱ्या साधनाचे दोन हुक समोरासमोर लावून, आलटून पालटून थोडे थोडे आवळून, स्प्रिंग आपल्या बैठकीवर सैल झाल्यावरच तो नट सोडवायचा असतो. भरवशाचा कॉम्प्रेसर जवळ नसेल तर अख्खा स्ट्रट काढून रिक्षात घालून गॅरेजमध्ये न्यावा आणि एवढेच काम करून घ्यावे; त्यात काहीही कमीपणा नाही. शॉक ॲब्सॉर्बर नेहमी डावा-उजवा जोडीने बदलावेत, आणि त्याच वेळी वरचे माउंट, बेअरिंग, आतला रबरी थांबा आणि धुळीचे आवरण पाहून घ्यावे.

टो मोजणे आणि अलाइनमेंट

टाय रॉड एंड, लोअर आर्म किंवा स्ट्रट यांपैकी काहीही बदलल्यावर अलाइनमेंट आवश्यक आहे. आपल्यापैकी अनेकांना त्यासाठी चिपळूण, रत्नागिरी, कणकवली किंवा कुडाळ गाठावे लागते, आणि टो फार बिघडलेला असेल तर तेवढ्या प्रवासातही टायर झिजतो. निघण्याआधी घरी मोजून घ्यावे. सपाट जागी, चाके सरळ ठेवून, पुढच्या दोन्ही टायरांच्या मध्यावर समोरच्या बाजूने, मोजपट्टी खालून सरळ जाईल इतक्या उंचीवर खडूने बारीक खूण करावी आणि दोन खुणांमधील अंतर मोजावे. मग गाडी हाताने पुढे ढकलून त्याच खुणा टायरच्या मागच्या बाजूला, त्याच उंचीवर आणाव्यात आणि पुन्हा मोजावे. दोन्ही मापांतील फरक म्हणजे टो. खुणा त्याच ठेवल्यामुळे वाकड्या रिमची चूक मापात येत नाही. फरक दोन-तीन मिलिमीटरपेक्षा अधिक असेल तर दोन्ही बाजूंचे टाय रॉड सारखेच फिरवून तो कमी करावा. एकच बाजू फिरवली तर स्टिअरिंग वाकडे बसते.

अलाइनमेंटच्या ठिकाणी आधीचे आणि नंतरचे आकडे छापून मागावेत, आणि टायरमध्ये हवा बरोबर भरलेली व गाडीतले सामान उतरवलेले असावे. गणपतीसाठी आलेली गाडी परतीच्या वाटेवर तांदूळ, नारळ आणि चार माणसे यांच्यासह मशिनवर चढवली तर आलेले आकडे रिकाम्या गाडीच्या उपयोगाचे नसतात. त्यानंतर शंभर किलोमीटर झाल्यावर चाकांचे नट आणि या दुरुस्तीत हात लागलेले सर्व बोल्ट पुन्हा एकदा टॉर्क पान्याने तपासावेत, बुटांवर कोठे ग्रीसचा ओघळ आला आहे का ते पाहावे, आणि ज्या उतारावर पहिल्यांदा ठोका ऐकला होता त्याच उतारावर, त्याच वेगाने, काचा खाली करून ब्रेक दाबून पाहावा.